जॉब कार्ड: ओंक्याचं उजवं कोपर

१३ डिसेंबर २०२३
वर्कशॉपमध्ये मशीन बिघडलं की आम्ही जॉब कार्ड काढतो, कधी बंद पडलं, काय बदललं, चालू कधी झालं. तसंच हे. मशीन म्हणजे माझा भाचा ओंकार, वय २०, बेसबॉलचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. पार्ट, उजवं कोपर. मी मामा, पेशाने फिटर, कॉलेजात सॉफ्टबॉल खेळायचो, कॅचर, त्यामुळे पुढचं वर्षभर ह्याचे बॉल पकडायला मीच लागणार हे ताईने परस्पर ठरवून टाकलंय.

ऑपरेशन २८ नोव्हेंबरला झालं. काल स्प्लिंट काढलं आणि बिजागरीवाला ब्रेस लावला. बिजागरीला डायल आहे, ठरावीक डिग्रीपलीकडे हात सरळही होत नाही आणि वाकतही नाही, दर आठवड्याला थोडं थोडं उघडायचं. मला तो ब्रेस फार आवडला, लिमिट स्टॉप लावलेलं व्हाइस वाटतं. ओंक्याला अजिबात नाही आवडला.

काय तुटलं ते लिहून ठेवतो, कारण चाळीत रोज कुणीतरी विचारतंय, "सचिनला झालेलं तेच ना?" ते नाही. सचिनचं २००५ चं ऑपरेशन टेनिस एल्बोचं, ते कोपराच्या बाहेरच्या अंगाला. ह्याचं आतल्या अंगाचं लिगामेंट गेलंय, दंडाचं हाड आणि मनगटाकडे जाणारं आतलं हाड ह्यांना बांधून ठेवणारी पट्टी. क्रिकेटमध्ये बोलर हात सरळ ठेवून फिरवतो, पिचर हात वाकवून मागे नेतो आणि चाबकासारखा पुढे काढतो, तेव्हा सगळा ताण त्या पट्टीवर येतो. ती नुसती शिवून भागत नाही म्हणून मनगटातली एक शीर, म्हणजे टेंडन, काढून दोन्ही हाडांना भोकं पाडून त्यातून ओवली. नाडी ओवतात ना लेंग्याची, तसं.

ती टेंडन सगळ्यांना नसतेच म्हणे. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं आत वाकवा, मधोमध दोरी वर आली तर आहे. काल रात्री घरात सगळ्यांचे हात तपासून झाले. भावजींना डाव्या हाताला नाहीये, ते उगाच टेन्शनमध्ये.

१७ डिसेंबर २०२३
हे झालं कसं तेही एकदाच लिहितो आणि विषय संपवतो. ऑक्टोबरमध्ये एका स्पर्धेत शनिवारी ह्याने पूर्ण मॅच टाकली आणि रविवारी परत उभा केला. बॉल कुणी मोजले नव्हते. आम्ही नंतर मित्रांच्या मोबाइलमधले व्हिडिओ बघून मोजले, शनिवारी ११२ आणि रविवारी ६४. अमेरिकेत १९ ते २२ वयाला दिवसाला १२० ची मर्यादा सांगतात आणि एवढे टाकल्यावर काही दिवस हात बंद. टीमचं नाव लिहीत नाही, कोच वाईट माणूस नाही, दुसरा पिचरच नव्हता आणि ओंक्या स्वतःच म्हणाला टाकतो. रविवारी ६३ वा बॉल सोडला तेव्हा टक् आवाज आला म्हणतो. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या.

टक् आवाज आल्यावरही अजून एक टाकला. हे मला दोन महिन्यांनी कळलं.

९ जानेवारी २०२४
सहा आठवडे. ब्रेस निघाला. हात बारीक झालाय, डाव्याच्या शेजारी ठेवला तर लहान भावाचा वाटतो. पूर्ण सरळ व्हायला अजून जवळपास दहा डिग्री कमी, मी वर्कशॉपमधला अँगल प्रोट्रॅक्टर आणला होता, फिजिओ मॅडम हसल्या आणि स्वतःचा प्लास्टिकचा काढला. दोघांचं रीडिंग एकच आलं हे सांगायला हवं.

एक अडचण आम्ही कुणीच धरली नव्हती, लोकल. परळहून सकाळी उजव्या हाताने दांडा धरून चढायची सवय वर्षानुवर्षांची, आणि गर्दीत धक्का बसला की हात आपोआप वर हँडलला जातो. मॅडमनी सांगितलं लटकायचं नाही, खेचायचं नाही. मग तीन महिने बस. अर्धा तास आधी निघायचं.

१५ जानेवारी २०२४
संक्रांत. गच्चीवर पतंग. "डाव्या हाताने मांजा धरतो मामा," म्हणे. फिरकी धरायला बसवला.

२७ फेब्रुवारी २०२४
तीन महिने. हात पूर्ण सरळ, पूर्ण वाकतो, दुखत नाही. रबर बँडचे व्यायाम खिडकीच्या गजाला बांधून, खांदा आत, खांदा बाहेर, मनगट, मूठ. तांदळाच्या डब्यात हात घालून मूठ उघड-बंद करायची, तो डबा आता ताईने वेगळा काढलाय.

मॅडम आज जे बोलल्या ते सगळ्यात महत्त्वाचं म्हणून लिहितो. आत घातलेली टेंडन सुरुवातीला नुसती मेलेली दोरी असते, मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात, जुना माल निघून नवा भरतो आणि हळूहळू तिचं लिगामेंट होतं. ह्या अदलाबदलीत ती मधेच कमजोर असते, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. म्हणजे पोराला बरं वाटायला लागलं की मी घाबरायचं. उलटं काम आहे. मशीनचं निदान बेअरिंग जायच्या आधी आवाज तरी येतो.

दुसरं, त्या त्याला एका पायावर उभं करून कंबर फिरवायला लावत होत्या. डावं कंबर आत वळतच नाही पूर्ण. कंबर वळली नाही की उरलेलं काम हाताने करायचं. शाफ्ट वाकडा ठेवून बेअरिंग बदलत बसलं तर वर्षात परत बेअरिंग जाणार, हे मला कुणी समजवायला नको.

२८ एप्रिल २०२४
पाच महिने. पहिला थ्रो!

शिवाजी पार्क, सकाळी सव्वासहा, ४५ फूट अंतर टेपने मोजून. २५ थ्रो, दहा मिनिटं आराम, परत २५. जोर नाही, नुसता उचलून टाकायचा. पहिला बॉल माझ्या डोक्यावरून गेला आणि एका मॉर्निंग वॉकवाल्या काकांच्या पायाशी थांबला. त्यांनी उचलून शिवण बघितली, म्हणाले हलका आहे रे हा. बरोबर, बेसबॉल साधारण १४२ ते १४९ ग्रॅम, आपला सीझन बॉल १५६ ते १६३. मग ओंक्याचा पुढचा थ्रो बघून म्हणाले, "पण हा तर चकिंग करतोय!" १५ डिग्रीचा नियम मला ऐकवला. समजावलं की ह्या खेळात वाकवूनच टाकायचा असतो. पटलं नाही त्यांना. रोज भेटतात आता.

ओंक्या घरी जाताना एक शब्द बोलला नाही, बॉल खिशात ठेवून शिवणीवरून बोट फिरवत होता.

१२ मे २०२४
प्रॉब्लेम सापडला. किती फूट, किती थ्रो, किती जोर ह्याच्या चार्टवर लिहिलंय ५० टक्के जोर. मी ओळखीतून जुनी रडार गन आणली, दुखापतीच्या आधी ह्याचा फास्टबॉल १२६ किलोमीटरला जायचा. त्याला म्हणलं अर्ध्या जोराने टाक. आकडा आला १०४. परत टाक, अजून कमी. १०१. त्याला खरंच वाटत होतं की तो अर्धाच टाकतोय, खोटं बोलत नव्हता. चेहरा आरामात, खांदा सैल, आणि बॉल तीनचतुर्थांशापेक्षा जास्त वेगाने. नंतर वाचलं की हे सगळ्याच पिचरचं होतं, त्यांच्या शरीराला अर्धा गिअरच नाही.

म्हणून टक्के बंद. दोन झाडांच्या मध्ये कपडे वाळत घालायची दोरी बांधली, साधारण दहा फुटांवर, बॉल तिच्यावरून गेला पाहिजे आणि माझ्या छातीवर पडला पाहिजे. कमान आली की जोर आपोआप कमी होतो. आणि गनवर ८५ च्या वर एकही आकडा दिसला तर त्या दिवसाचं काम बंद, भांडण नाही. पहिल्याच दिवशी अकराव्या थ्रोला बंद केलं. बसमध्ये बोलला नाही माझ्याशी.

२० मे २०२४
मतदानाची सुट्टी. ६० फूट, ५० थ्रो, सगळे ८५ च्या खाली. शाईच्या फोटोला ह्याने बोट वर केलं, शाई डाव्याला असताना उजव्या हाताचं का दाखवतोस म्हणलं तर म्हणे शाई नाही, टाके बघ. मनगटावरची चिर आता फिकी झालीये.

८ जुलै २०२४
रात्रभर नुसता कोसळला, सहा तासांत ३०० मिलिमीटरच्या वर म्हणतायत, गाड्या बंद. मैदानांचा चिखल ऑक्टोबरपर्यंत. ९० फुटांवर गेलो होतो आणि अडकलो.

उपाय असा काढला. भाऊच्या धक्क्यावर ओळखीच्या एकाकडून जुनं मासेमारीचं जाळं आणलं आणि आमच्या शेजारच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मध्ये टांगलं. वॉचमन आपला गाववाला, आठ ते नऊच्या वेळात गाड्या कमी असतात, तेव्हा चालतं म्हणाला. अंतर ४५ च्या वर मिळत नाही, म्हणून चार्ट मागे नेला आणि थ्रो वाढवले. जाळ्याला दोनदा धुऊनही वास आहे, त्यामुळे तीन मांजरी रोज प्रेक्षक म्हणून हजर. ओंक्या एकीला अंपायर म्हणतो.

चार तारखेला वर्ल्डकपवाल्यांची मिरवणूक होती मरीन ड्राइव्हला, सगळे मित्र गेले. हा नाही गेला, गर्दीत हात चेपेल म्हणून. मी सांगितलं नव्हतं. हे जॉब कार्डवर नोंदवण्यासारखं आहे.

२८ ऑगस्ट २०२४
आणि हेही नोंदवण्यासारखं आहे. काल दहीहंडी. दरवर्षी तिसऱ्या थराला असतो, ह्या वर्षी फक्त पाणी द्यायला जाणार असं ताईला शब्द दिलेला. रात्री दहाला त्याच्या मित्राच्या स्टेटसला व्हिडिओ, आमचे चिरंजीव खालच्या थरात, दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यावर, वर सहा थर. वरून पोरं घसरली तेव्हा उजवा हात आधी पुढे आला, स्पष्ट दिसतंय, मी सात वेळा बघितलं.

सकाळी घरी गेलो. तो म्हणाला, "मामा, मला एकदम बरं वाटत होतं रे." मी म्हणलं तीच तर भीती आहे. खूप बोललो, बोलायला नको ते पण बोललो, ताई मधे पडली. मॅडमनी हात तपासला, आतल्या बाजूने दाबून, बाजूला ताणून, घट्ट आहे म्हणाल्या. तरी दहा दिवस थ्रो बंद आणि परत ४५ फुटांपासून.

१९ सप्टेंबर २०२४
परवा विसर्जन झालं. रात्रभर ढोल, सकाळी सात वाजता आम्ही दोघं कागदाचे कपटे आणि गुलालातून चालत पार्किंगमध्ये. कोपर ठीक. चार्टपेक्षा महिनाभर मागे आहोत, मला त्याचं काही नाही, त्याला आहे.

काम सुरू केलं, माउंड. पिचर सपाट जमिनीवरून टाकत नाही, उंचवट्यावरून टाकतो, आणि उतारावर उतरताना पाय, कंबर, खांदा सगळ्यांचा हिशोब बदलतो. मुंबईत आम्हाला रोज वापरता येईल असा मातीचा माउंड कुठून मिळणार. म्हणून लाकडाचा, घडीचा नाही पण दोन तुकड्यांचा, चाळीच्या जिन्यातून वर नेता येईल असा.

मापं: जिथे उभं राहायचं ते रबर २४ बाय ६ इंच, जमिनीपासून १० इंच वर. रबरच्या पुढे सहा इंच सपाट आणि मग दर फुटाला एक इंच उतार. म्हणजे साडेदहा फुटांवर शून्य, मागे अडीच फूट, एकूण १३. रे रोडच्या वखारीतून मरीन प्लायच्या दोन शीट आणि खाली साडेतीन इंची बत्त्या. रबर म्हणून भंगारातला कन्व्हेयर बेल्ट, वर काथ्याची चटई.

२० सप्टेंबर २०२४
अमेरिकेत खेळणारा जपानी ओहतानी, पिचर आणि बॅटर दोन्ही, ह्याने एका सीझनला ५० होमरन (आपल्या सिक्ससारखे) आणि ५० स्टील (चोरलेले बेस) पूर्ण केले. ओंक्याने सकाळी सहाला फोन करून उठवलं. मला खूश व्हायला कारण वेगळं, हा माणूस ह्या वर्षी बॉल टाकतच नाहीये, गेल्या सप्टेंबरला कोपराचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यांदा, पहिलं २०१८ ला. जगातला सगळ्यात महागडा हात आणि तो पण थांबलाय. हे मी ओंक्याला आज चार वेळा ऐकवलं.

२५ सप्टेंबर २०२४
आज बरोबर ५० वर्षं. २५ सप्टेंबर १९७४ ला लॉस एंजेलिसला डॉ. फ्रँक जोब ह्यांनी टॉमी जॉन नावाच्या डावखुऱ्या पिचरवर हे ऑपरेशन पहिल्यांदा केलं. शंभरात एक चान्स आहे असं सांगून. त्याच्या उजव्या हातातली टेंडन काढून डाव्या कोपरात घातली. १९७५ चं अख्खं वर्ष गेलं, १९७६ ला परतला आणि त्यानंतर १६४ मॅच जिंकला, ऑपरेशनच्या आधी १२४ होत्या. १९८९ पर्यंत खेळला, ४६ वर्षांचा होईपर्यंत. ऑपरेशनला आता त्याचंच नाव आहे, डॉक्टरचं नाही.

संध्याकाळी हे ओंक्याला सांगायचं ठरवलं होतं पण पावसाने गाड्या थांबल्या आणि मी तीन तास कुर्ल्याला. फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, त्याला मामा होता का?

२९ सप्टेंबर २०२४
माउंडची पहिली चाचणी, फेल. चूक माझी.

मी सरळ विचार केला, शीट आठ फुटी आहे, तर पहिला तुकडा आठ फूट, दुसरा पाच. रबर मागून अडीच फुटांवर. म्हणजे जोड रबरच्या पुढे साडेपाच फुटांवर आला. ओंक्याची उंची पाच नऊ, पाऊल पुढे पडतं ते पाच-साडेपाच फुटांवर. म्हणजे प्रत्येक बॉलला त्याच्या डाव्या पायाचा चवडा बरोबर जोडावर! तिसऱ्या बॉलला तुकडे दोन मिलिमीटर सरकले, पाय घसरला, वरचं शरीर तसंच पुढे आणि हात मागे राहिला. हळू टाकत होता म्हणून निभावलं. मी ३० वर्षं जोडकाम करतोय आणि जोड कुठे येतो हे बघितलं नाही. कुणी अ‍ॅप्रेंटिसने केलं असतं तर मी त्याला दिवसभर ऐकवलं असतं.

१२ ऑक्टोबर २०२४
दसरा. माउंड नवीन. जोड आता रबरच्या पुढे तीन फुटांवर, पहिला तुकडा साडेपाच आणि दुसरा साडेसात, पाय जोडावरून उडून पलीकडे पडतो. खाली दोन बोल्ट, विंग नट, हाताने आवळता येतात. काल खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत पाने, फाइल, व्हर्नियर आणि बाजूला ओंक्याचा ग्लोव्ह, झेंडूचं फूल लावून. बायको म्हणाली रडार गनला पण हळदकुंकू लाव, लावलं, लेन्स वाचवून.

आज १५ बॉल, फक्त फास्टबॉल, ६० फूट ६ इंच. क्रिकेटच्या २२ यार्डांपेक्षा साडेपाच फूट कमी आणि मी खाली बसलेला, ५२ व्या वर्षी. सगळ्यात वेगवान ९९. गुडघे माझे दुखतायत, कोपर त्याचं नाही.

२८ नोव्हेंबर २०२४
एक वर्ष. आठवड्यातून दोनदा ३० बॉल. आज ११७. वेग येतोय पण बॉल जातोय कुठेही, आजच्या २२ पैकी माझा ग्लोव्ह हलला नाही असे नऊ. ओंक्या वैतागलाय. मॅडम म्हणतात वेग आधी येतो, ताबा नंतर, बहुतेकांचं असंच होतं. नीरज चोप्राचं कोपर २०१९ ला इथे मुंबईतच ऑपरेट झालं, जानेवारी २०२० ला, नऊ महिन्यांच्या आत, भाला ८७.८६ मीटर टाकला असं ओंक्याने सुनावलं. अरे पण त्याचं ऑपरेशन वेगळं होतं, आणि भाल्याला स्ट्राइक झोन, म्हणजे बॅटरसमोरची बॉल जायलाच हवा ती चौकट, नसतो.

मला डोळे मिटून पकडता येत नाही ना, पण आवाजावरून कळायला लागलंय. चांगला सुटलेला बॉल ग्लोव्हमध्ये कोरडा वाजतो, पॅक्. हाताने ढकललेला वाजतो तो ओला, फप्प. आज दुसऱ्या पंधरात फप्प जास्त, म्हणजे पाय थकले आणि हात भरपाई करतोय. २२ ला थांबवलं. गन ११५ दाखवत होती तरी. ह्यापुढे गनपेक्षा आवाज धरायचा असं ठरवलं.

२२ डिसेंबर २०२४
चेंजअप सुरू, म्हणजे फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू येणारा बॉल. कर्व्ह सगळ्यात शेवटी, जानेवारीत. त्याने गुपचूप एक टाकला आज. सुंदर वळला, मी सोडला. दोघांनीही काही झालंच नाही असं दाखवलं.

१२ जानेवारी २०२५
बॅट्समन समोर, पहिल्यांदा. जुने टीममेट दोघं आले. २० बॉल. समोर माणूस उभा राहिला की सगळं शहाणपण जातं, पहिला बॉल १२४! मी उठून गेलो, ग्लोव्हने तोंड झाकून (टीव्हीत करतात तसं) म्हणलं, ओंक्या, घरी ताई आहे. हसला. मग ११८ वर आला आणि बॉल कोपऱ्यात जायला लागले.

१६ फेब्रुवारी २०२५
मैत्रीची मॅच. कॅचर त्यांचा तरणा पोरगा, मी बाहेर काउंटर घेऊन, प्रत्येक बॉलला टिक. ठरलेलं, जास्तीत जास्त ३० बॉल, इनिंग पूर्ण असो वा नसो, नवीन कोचशी आधीच बोलून घेतलं होतं.

पहिली इनिंग ११ बॉल, तीन आउट. दुसरीत पहिल्याला झोनबाहेरचे चार बॉल देऊन फुकट बेस, दुसऱ्याने पहिलाच डोक्यावरून मारला, एक रन. ओंक्या पाठ करून उभा राहिला, बॉल हातात घासत. मग एक आउट, कर्व्हवर, आणि मुलगा बॅट आपटत परत गेला. माझ्या काउंटरवर २५. पुढच्याशी पाच बॉल लढला, दोन स्ट्राइक, तीन झोनबाहेर. तीस. आउट करायला अजून एक स्ट्राइक हवा होता. आवाज मला दोरीच्या बाहेरून पण येत होता, पॅक्, पॅक्. कोचने माझ्याकडे बघितलं. ओंक्यानेही बघितलं, तेच डोळे, मला बरं वाटतंय वाले.

मी काउंटर वर करून दाखवला. कोच आत गेले.

बॉल त्याने कोचच्या हातात दिला, आपटला नाही. माझ्या शेजारी येऊन बसला, पाच मिनिटं गप्प, मग पाणी प्यायला आणि म्हणाला, "तो आउटसाइडला फसला असता." मी म्हणलं फसला असता.

कोपर ठीक. वेग १२१. उद्या पूर्ण आराम, परवा ६० फूट २५ थ्रो, मग मॅडमकडे. माउंडच्या दुसऱ्या तुकड्याची कड दमटपणाने फुगलीये, रविवारी घासून दोन हात ऑइलपेंट मारायचा.